वॉरंटीतल्या गाडीचं इंजिन गेलं तर काय करायचं, कोणत्या क्रमाने करायचं

गाडी वॉरंटीत आहे म्हणजे इंजिन बदलून मिळणारच, असं धरून लोक वर्कशॉपला जातात, समोर ठेवलेल्या कागदावर सही करतात आणि घरी येतात. काही आठवड्यांनी फोन येतो, ‘साहेब, कंपनीने क्लेम नाकारला. लाखाच्या वरचं एस्टिमेट आहे, काम सुरू करायचं का?’ तोवर इंजिन उघडलेलं असतं, जुनं ऑईल ड्रममध्ये ओतलेलं असतं, स्कॅनरवर दिसणारे बिघाडाचे कोड पुसलेले असतात. बिघाड कशामुळे झाला हे दाखवणारं काहीच हातात उरत नाही. मग आरडाओरडा होतो आणि त्याचा उपयोग होत नाही.

इंजिनच्या क्लेमचा निकाल बहुतेक वेळा पहिल्या चार-पाच दिवसांतच लागलेला असतो. जॉब कार्डवर (गाडी घेताना वर्कशॉप तक्रार लिहून घेतं त्या कागदावर) काय लिहिलं गेलं आणि इंजिन कुणासमोर उघडलं, या दोन गोष्टींवर तो ठरतो. पुढच्या पायऱ्या त्या क्रमाने मांडल्या आहेत. क्रम मोडला की पुढची पायरी लंगडी पडते. हे सगळं घरच्या वापराच्या पेट्रोल-डिझेल गाडीसाठी आहे. टॅक्सी किंवा मालवाहू गाडीच्या वॉरंटीच्या अटी वेगळ्या असतात.

१. गाडी बंद पडली त्या क्षणी

ऑईलचा लाल दिवा लागला, टेम्परेचरचा दिवा लागला किंवा ठोके पडल्यासारखा आवाज आला, तर गाडी सुरक्षित कडेला घ्या आणि इंजिन लगेच बंद करा. ‘पुढच्या गावापर्यंत जाऊ, तिथे गॅरेज असेल’ हा सगळ्यात महागात पडणारा निर्णय आहे. ऑईलचा दाब गेल्यावर क्रँकची (पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या मुख्य दांड्याची) बेअरिंग खराब व्हायला फार वेळ लागत नाही. दिवा लागल्यावर गाडी चालवली तर त्याची नोंद ईसीयूमध्ये (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) राहू शकते, आणि ‘इशारा दिसूनही गाडी चालवली’ हे नकाराचं आयतं कारण होतं.

पुन्हापुन्हा सेल्फ मारू नका. गाडी पाण्यातून गेली असेल तर एकदाही नको. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. पिस्टन वर येताना अडतो, कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी ब्लॉक (इंजिनचा मुख्य सांगाडा) फोडून बाहेर येतो. बंद पडेपर्यंतचं नुकसान कधीकधी थोडंच असतं. नंतर मारलेल्या सेल्फने ते वाढतं.

इंजिन गरम झालं असेल तर रेडिएटरचं किंवा कूलंटच्या टाकीचं झाकण उघडू नका. वाफेने हात-तोंड भाजतं. शिवाय गरम इंजिनात थंड पाणी ओतलं तर हेडला (इंजिनच्या वरच्या भागाला) तडा जाण्याची भीती असते.

आता फोन काढा. सेल्फ न मारता नुसती किल्ली ऑन करा आणि मीटरचा फोटो घ्या: किलोमीटर, पेटलेले दिवे, तारीख-वेळ. खाली ऑईल किंवा कूलंट सांडलं असेल तर त्याचा, रस्त्याचा आणि जवळच्या किलोमीटरच्या दगडाचाही घ्या. मग पाच ओळी लिहून ठेवा. वेग किती होता, घाट होता की सपाट, आधी आवाज आला की आधी दिवा लागला, धूर पांढरा होता, निळा होता की काळा. आठवड्याने हे नीट आठवत नाही, आणि वर्कशॉपमधला पहिला प्रश्न हाच असतो.

सावधान: रस्त्यावरच्या मेस्त्रीला काहीही खोलू देऊ नका, मग तो कितीही जाणकार असो. एक निघालेला नट आणि त्यावरचे पान्याचे ओरखडे ‘बाहेर काम केलं आहे’ असं लिहायला पुरतात.

२. टोचन नको, फ्लॅटबेड मागवा

कंपनीच्या रोडसाईड असिस्टन्सचा नंबर बहुधा काचेवरच्या स्टिकरवर, मॅन्युअलमध्ये किंवा ॲपवर असतो. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ वर फोन केल्यास रस्त्यावरून बाजूला व्हायला मदत मिळते. दोरीने टोचन करून नेऊ नका. इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतात, आणि ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स अशा ओढण्याने खराब होऊ शकतो. मग एका क्लेमचे दोन होतात.

गाडी घेतली त्याच डीलरकडे न्यायला हवी असं नाही. त्या कंपनीचं कोणतंही अधिकृत वर्कशॉप वॉरंटीचं काम करू शकतं. जमलं तर जिल्ह्याच्या ठिकाणचं मोठं वर्कशॉप निवडा. तालुक्याच्या छोट्या सर्व्हिस सेंटरवर बहुधा इंजिन उघडत नाहीत. गाडी पुन्हा चढवून पुढे जाते आणि मधल्या प्रवासाची जबाबदारी कुणीच घेत नाही.

क्रेनवाल्याच्या पावतीवर चढवतानाची वेळ, किलोमीटर आणि ‘इंजिन बंद अवस्थेत उचलली’ एवढं लिहून घ्या. रात्री पोहोचलात आणि वर्कशॉप बंद असेल तर सिक्युरिटीच्या रजिस्टरमधल्या नोंदीचा फोटो काढा. चारही बाजूंचे फोटो काढा, मौल्यवान वस्तू आणि डॅशकॅमचं कार्ड काढून घ्या.

तपासून घ्या: गाडी पाण्यात गेली होती का, दगडावर किंवा स्पीड ब्रेकरवर खालून आपटली होती का? यातलं काहीही झालं असेल तर विमा कंपनीला आत्ताच कळवा. वॉरंटी नाकारल्यावर कळवून चालत नाही, कारण सर्व्हेअरने इंजिन उघडण्याआधी गाडी पाहायला हवी. साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत नुसता यांत्रिक बिघाड येत नाही. पाणी शिरून इंजिन गेलं असेल तर इंजिन प्रोटेक्ट हे जादा कव्हर घेतलंय का ते बघा. ऑईल चेंबर (इंजिनच्या तळाची ऑईलची टाकी) फुटल्यावर गाडी तशीच चालवून इंजिन सीज (जाम) झालं, तर चेंबरचे पैसे मिळतात आणि त्या कव्हरशिवाय इंजिनचे बहुधा मिळत नाहीत.

३. वर्कशॉपला जाण्याआधी फाईल

वर्कशॉपच्या सर्व्हिस सल्लागारासमोर बसून व्हॉट्सॲपमध्ये बिलं शोधायची वेळ येऊ देऊ नका. एका फोल्डरमध्ये हे ठेवा: आरसी, गाडीचं बिल आणि डिलिव्हरीची तारीख (वॉरंटी बहुधा तिथून मोजतात), वॉरंटी पुस्तिका, एक्स्टेंडेड वॉरंटीचं प्रमाणपत्र, सर्व्हिसची सगळी बिलं तारखेच्या क्रमाने, विम्याची पॉलिसी, आणि शेवटच्या तीन-चार वेळच्या इंधनाची बिलं किंवा यूपीआयच्या नोंदी.

मग वॉरंटी पुस्तिका उघडा. बहुतेकांनी ती कधीच वाचलेली नसते. तीन जागा पेन्सिलने खुणा करून ठेवा. पहिली, मुदत. वर्षं आणि किलोमीटर यांतलं जे आधी पूर्ण होईल तिथे वॉरंटी संपते. दुसरी, सर्व्हिसची अट, म्हणजे किती किलोमीटर किंवा महिन्यांनी करायची आणि त्यात किती मागेपुढे चालतं. तिसरी, काय वगळलं आहे. एक्स्टेंडेड वॉरंटीची वगळलेल्या भागांची यादी मूळ वॉरंटीपेक्षा मोठी असू शकते, म्हणून ती वेगळी वाचा.

गाडीचा चेसिस नंबर कंपनीच्या वेबसाईटवर टाकून त्या मॉडेलचा रिकॉल किंवा सर्व्हिस कॅम्पेन (दोष सापडल्याने कंपनीने स्वतःहून गाड्या बोलावणं) आहे का तेही पाहा. तुमच्या बिघाडाशी जुळणारा रिकॉल निघाला तर बाजू एकदम भक्कम होते.

एखादी सर्व्हिस राहिली असेल किंवा उशिरा झाली असेल तर लपवू नका. त्यांच्या सिस्टिममध्ये ती दिसतेच. नोंद मान्य करा आणि ‘या उशिराचा या बिघाडाशी संबंध कसा, ते लेखी दाखवा’ असं म्हणा. थर्मोस्टॅट (कूलंटचा प्रवाह सोडणारी झडप) अडकून हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं सील) गेलं असेल, तर महिनाभर लांबलेल्या ऑईल बदलाकडे बोट दाखवणं सोपं नसतं. बेअरिंग गेलं असेल आणि ऑईल हजारो किलोमीटर जास्त चाललं असेल, तर मात्र तुमची बाजू खरोखर कमजोर आहे. हे आधी स्वतःला नीट सांगून मगच पुढे जा.

४. जॉब कार्ड: सगळा क्लेम या एका कागदावर

इथे लोक घाई करतात. सल्लागार ‘इंजिन चेक’ एवढंच लिहितो, खाली सही मागतो, आणि आपण देतो. हे कार्ड पुढे कंपनीकडे, विम्याकडे, गरज पडली तर ग्राहक आयोगाकडे जातं. त्यात तुमचं म्हणणं नसेल तर ते कुठेच नसतं.

कार्डवर लक्षणं लिहायला सांगा, कारण लिहू नका. ‘ऑईल पंप खराब आहे’ असं तुम्ही लिहिलंत आणि तो चांगला निघाला तर तक्रार खोटी दिसते. असं काहीतरी लिहून घ्या:

*‘दि. … रोजी सायं. … वाजता, …… किमी, सपाट महामार्गावर साधारण ८० वेगाने जाताना ऑईलचा लाल दिवा लागला. इंजिन लगेच बंद केलं. त्यानंतर सुरू केलेलं नाही. गाडी पाण्यातून गेलेली नाही, खालून आपटलेली नाही. फ्लॅटबेडने आणली. वॉरंटीअंतर्गत तपासणी व दुरुस्तीची मागणी.’*

यातलं प्रत्येक वाक्य खरं असेल तरच लिहा. गाडी पाण्यातून गेली असेल तर तसं लिहा. खोटं वाक्य एअर फिल्टरवरच्या चिखलाने उघडं पडतं, आणि त्यानंतर तुमच्या खऱ्या वाक्यांवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

सहीआधी बघायच्या गोष्टी:

– किलोमीटरचा आकडा आणि तारीख बरोबर आहे का. वॉरंटी संपायला थोडे दिवस उरले असतील तर हीच तारीख महत्त्वाची. गाडी गेटमध्ये आली आणि कार्ड चार दिवसांनी उघडलं, हे चालवून घेऊ नका.

– काम कोणत्या सदरात टाकलं आहे: ‘वॉरंटी’ की ‘पेड’. ‘सध्या पेडमध्ये टाकतो, मंजुरी आली की बदलू’ असं म्हणाले तर तेच वाक्य कार्डवर लिहून घ्या.

– कोरी जागा आणि कोऱ्या सह्या. ‘ग्राहक सर्व खर्च देण्यास तयार आहे’ अशी बारीक छापलेली ओळ असेल तर तिच्याशेजारी ‘माझ्या लेखी मंजुरीशिवाय नाही’ असं हाताने लिहून मगच सही करा.

– इंजिन उघडायचा खर्च. क्लेम नाकारला तर उघडण्याची मजुरी तुम्ही द्यायची, अशी अट बहुतेक वर्कशॉप घालतात. ती मान्य करावी लागते, पण आकडा लिहून घ्या. गाडी पडून राहिल्याचं पार्किंग भाडं लागणार का, तेही तिथेच विचारा.

कार्डाची प्रत घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. त्याच संध्याकाळी डीलरच्या सर्व्हिस मॅनेजरला आणि कंपनीच्या कस्टमर केअरला एकच मेल करा: जॉब कार्ड नंबर, तीच लक्षणं, फोटो, आणि ‘मला न कळवता व मी हजर नसताना इंजिन उघडू नये, स्कॅनरमधले कोड पुसू नयेत’ ही विनंती. कंपनीकडून तक्रार क्रमांक मिळतो. पुढचं प्रत्येक बोलणं याच मेलच्या धाग्यात ठेवा. फोनवर ठरलेलं लगेच दोन ओळींत मेलवर टाकत चला: ‘आज आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे…’

५. न उघडता तपासणी

इंजिन उघडण्याआधी बरंच कळतं, आणि हा टप्पा वगळला जातो कारण त्यात वेळ जातो. तुम्ही आग्रह धरा.

आधी स्कॅनर. कोड वाचून त्याची प्रिंट किंवा स्क्रीनचा फोटो घ्या, ‘फ्रीझ फ्रेम’ सकट. कोड पडला त्या क्षणी इंजिनचे फेरे, तापमान आणि वेग किती होते ते त्यात दिसतं. उदाहरणार्थ पी०५२४ म्हणजे ऑईलचा दाब फार कमी, पी०२१७ म्हणजे इंजिन प्रमाणाबाहेर गरम. गाडी जपून चालवत होतात हे दाखवायला यापेक्षा चांगला साक्षीदार नाही. उलट नोंद निघाली तर तेही वेळेत कळलेलं बरं.

मग डिपस्टिक. पातळी आणि रंग यांचा फोटो. ऑईल दुधाळ असेल तर कूलंट किंवा पाणी मिसळलं आहे. पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर बीएस-६ डिझेल गाडीत ती ओळखीची अडचण आहे. छोट्या फेऱ्यांमुळे डीपीएफची (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची) साफसफाई अर्धवट राहते आणि डिझेल ऑईलमध्ये उतरत जातं. ऑईल पातळ होतं, बेअरिंग जातं.

ऑईल काढण्याआधी दोन स्वच्छ बाटल्यांत नमुना घ्यायला सांगा. दोन्हींवर तारीख, जॉब कार्ड नंबर आणि दोघांच्या सह्या. एक तुमच्याकडे, एक त्यांच्याकडे. ‘इंधनात भेसळ’ असा शब्द कुणी उच्चारला तर टाकीतल्या इंधनाचाही नमुना असाच, योग्य डब्यात आणि वर्कशॉपच्याच हातून घ्या. नमुना न घेता केलेला भेसळीचा आरोप पुढे सिद्ध करणं त्यांनाच जड जातं.

एअर फिल्टर उघडून दाखवायला सांगा. तो कोरडा आहे याचा फोटो म्हणजे पाणी शिरलं नाही याचा पुरावा. इंजिन हाताने फिरत असेल तर कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधल्या दाबाची चाचणी) करून प्रत्येक सिलिंडरचे आकडे लिहून घ्या. प्लगच्या किंवा इंजेक्टरच्या भोकातून छोटा कॅमेरा घालून पिस्टनचा माथा आणि सिलिंडरची भिंत पाहता येते.

६. इंजिन उघडताना हजर राहा

दिवस आणि वेळ मेलवर ठरवा. स्वतःला जमत नसेल तर गाडीतलं कळणारा कुणी पाठवा. नात्यातला, शेजारचा, ओळखीचा फिटर. त्याने हात लावायचा नाही, बघायचं आणि फोटो काढायचे. वर्कशॉप ‘सुरक्षेमुळे आत सोडत नाही’ म्हणालं तर काचेआडून बघू द्या किंवा व्हिडिओ कॉल करा, असं सुचवा. तेही नाकारलं तर त्या नकाराचाच मेल करा.

उतरवण्याआधी इंजिन नंबरचा फोटो. मग ऑईल चेंबर खोलल्यावर तळाशी काय आहे ते बघा. चमकणारा भुगा किंवा पातळ पत्र्याचे तुकडे म्हणजे बेअरिंग गेलं. ऑईल पंपाची जाळी चिकट गाळाने बंद झाली असेल तर प्रश्न ऑईलच्या दर्जाचा किंवा वेळेवर न बदलण्याचा येतो. रॉड वाकलेला असेल तर पाण्याची चर्चा सुरू होणार. हेडवर एकाच ठिकाणी गॅस्केट फुटलं असेल तर थर्मोस्टॅट, पाण्याचा पंप आणि रेडिएटरचा पंखा चालतो का, हे त्याच बैठकीत तपासायला लावा. गॅस्केट फुटणं हा परिणाम असतो. मूळ कारण सापडलं नाही तर नवं गॅस्केटही त्याच वाटेने जातं.

काढलेला प्रत्येक भाग नीट मांडून फोटो. भाग धुण्याआधी. धुतलेल्या बेअरिंगवरून काहीच सांगता येत नाही.

सावधान: वॉरंटीत बदललेले जुने भाग बहुधा कंपनीचे होतात, घरी नेता येत नाहीत. म्हणून फोटो. पण एखादा भाग तुम्ही पैसे देऊन बदललात, तर जुना भाग मागून घ्या आणि पिशवीत बांधून जपून ठेवा.

७. निर्णयाची वाट

समोर बसणाऱ्या सल्लागाराच्या हातात काही नसतं, त्याच्यावर ओरडण्यात अर्थ नाही. डीलरचा वॉरंटी विभाग फोटो आणि अहवाल कंपनीला पाठवतो. इंजिनसारख्या मोठ्या कामाला कंपनीची आगाऊ मंजुरी लागते आणि गरजेप्रमाणे कंपनीचा एरिया सर्व्हिस मॅनेजर येऊन पाहतो. त्याच्या भेटीची तारीख विचारा आणि त्या दिवशी फाईल घेऊन तिथे हजर राहा. मेलवरच्या दहा आठवणींपेक्षा या एका भेटीचा उपयोग जास्त होतो.

दर आठवड्याला एक छोटा मेल: क्लेम कधी पाठवला, क्लेम नंबर काय, कुठे अडला आहे. या काळात विमा संपत असेल तर वर्कशॉपमध्ये उभ्या गाडीच्याही विम्याचं नूतनीकरण करून ठेवा, आणि कर्जाचा हप्ता चुकवू नका. ‘गाडीच नाही तर हप्ता कशाला’ हा राग बँकेला कळत नाही. सिबिलचा गुण तेवढा खाली जातो.

८. नकार आला तर

फोनवर आलेला नकार मान्य करू नका. लेखी मागा, आणि त्यात तीन गोष्टी हव्यात: कारण, वॉरंटी पुस्तिकेतलं कलम, आणि त्याला आधार असलेला पुरावा. ‘ग्राहकाचा निष्काळजीपणा’ एवढं पुरेसं नाही. पाणी म्हणत असतील तर पाण्याचा फोटो कुठे आहे? बाहेरून लावलेल्या सीएनजी किटमुळे म्हणत असतील तर किटने नेमकं काय बिघडवलं?

या टप्प्यावर ‘गुडविल’ची ऑफर येऊ शकते: अमुक टक्के कंपनी, अमुक डीलर, उरलेलं तुम्ही. ऑफर वाईटच असते असं नाही. सर्व्हिस खरोखर चुकलेली असेल तर ती घेण्यात शहाणपण आहे. पण तुमची नोंद स्वच्छ असेल तर घाईने हो म्हणू नका, आणि ‘पुढे कोणतीही तक्रार राहणार नाही’ असा कागद वाचल्याशिवाय सही करू नका.

पटत नसेल तर क्रम असा. आधी कंपनीच्या मुख्य कार्यालयाला लेखी तक्रार. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन, फोन १९१५. ती कंपनीशी मध्यस्थी करते आणि पुष्कळ प्रकरणं इथेच हलतात. मग डीलर आणि उत्पादक कंपनी, दोघांनाही नोटीस, स्पीड पोस्टाने पोचपावतीसह, पंधरा दिवसांची मुदत देऊन. दोघांनाही का, याला कारण आहे. गोव्यातल्या एका ग्राहकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं की डीलरच्या चुकीसाठी उत्पादक आपोआप जबाबदार होत नाही, त्याचा संबंध दाखवावा लागतो. म्हणून दोष इंजिनाचा आहे की वर्कशॉपच्या कामाचा, हे नोटिशीत वेगवेगळं मांडा.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. डीलरच्या शहरात जावं लागत नाही. वस्तूसाठी मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे. फी किरकोळ आहे: ५ लाखांपर्यंत काही नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४०० रुपये, ५० लाखांपर्यंत १,००० रुपये. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाईन भरता येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. कंपनीशी मेल चालू आहेत म्हणून ती थांबत नाही.

दोन गोष्टी ध्यानात ठेवून मागणी लिहा. एक, आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे तपासायला पाठवू शकतो, पण त्यासाठी इंजिन बिघडलेल्या अवस्थेत शिल्लक हवं. गाडीची निकड असेल आणि पैसे भरून दुरुस्ती करावीच लागली, तर आधी स्वतंत्र वाहन सर्व्हेअर किंवा ऑटोमोबाईल इंजिनिअरकडून फोटोसह लेखी अहवाल घ्या, आणि पैसे भरण्याआधी ‘हक्क राखून भरत आहे’ असा मेल करा. दोन, ‘गाडीच बदलून द्या’ ही मागणी सहज मान्य होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये एका कारच्या प्रकरणात वॉरंटीच्या अटी सदोष भाग बदलण्याच्या आहेत, अख्खी गाडी बदलण्याच्या नाहीत, असं म्हटलं होतं. इंजिनची मोफत दुरुस्ती, भरलेले पैसे परत आणि त्रासाची भरपाई या मागण्या जास्त टिकतात. कागद मांडायला मदत हवी असेल तर मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संघटनांकडे विचारा.

९. मंजुरी आली: काय बदलणार ते लिहून घ्या

‘इंजिन करून देतो’ याचा अर्थ तीन प्रकारे होतो: आहे त्या ब्लॉकमध्ये भाग बदलणं, हाफ इंजिन म्हणजे क्रँक-पिस्टनसह खालचा भाग नवा, किंवा हेडसकट फुल इंजिन. कोणतं ते मेलवर घ्या.

बेअरिंग गेलेल्या इंजिनात धातूचा भुगा ऑईलबरोबर सगळीकडे फिरलेला असतो. ऑईल कूलर, टर्बो, टायमिंग चेनचा टेन्शनर, ऑईलचे पाईप. नवं हाफ इंजिन बसवून जुना ऑईल कूलर तसाच ठेवला तर तोच भुगा नव्या बेअरिंगमध्ये उतरतो आणि काही महिन्यांत गाडी परत वर्कशॉपमध्ये. विचारा: ‘कूलर बदलला की धुतला? टर्बोचा शाफ्ट तपासला का?’ उत्तर जॉब कार्डवर हवं.

हेड उतरवलं असेल तर ते सपाट आहे की वाकलंय ते मोजलं का, आणि हेडचे बोल्ट नवे घातले का, हेही विचारा. बऱ्याच इंजिनांत ते बोल्ट एकदाच वापरायचे असतात.

१०. डिलिव्हरी आणि त्यानंतर

गाडी दिवसा घ्या. थंड इंजिनवर स्वतः सुरू करून बघा, आदल्या रात्रीपासून उभी असलेली असेल तर उत्तम. सल्लागाराला शेजारी बसवून वीसेक मिनिटं चालवा, थोडा चढ असलेला रस्ता घ्या, परत येऊन खाली गळती बघा आणि स्कॅनरवर कोड नाहीत याची प्रिंट मागा. शून्य रकमेचं असलं तरी बिल घ्या. त्यात बदललेल्या प्रत्येक भागाचा नंबर हवा. बदललेल्या भागांची वॉरंटी किती, मूळ मुदत उरली आहे तेवढीच की वेगळी, हे लिहून मागा. गाडी महिनोन्‌महिने पडून राहिली असेल तर तेवढे दिवस वॉरंटी वाढवून मिळण्याची विनंती करा. कंपनी बांधील असतेच असं नाही, पण मागणाऱ्याला कधीकधी मिळते, न मागणाऱ्याला कधीच नाही.

ब्लॉक बदलला असेल तर इंजिन नंबर बदललेला असू शकतो. ब्लॉकवरचा नंबर आरसीशी ताडून बघा. वेगळा असेल तर डीलरकडून नव्या नंबराचं पत्र आणि बिल घेऊन आरटीओत लगेच नोंद करा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं संमतिपत्र लागतं का ते आधी विचारा. त्यानंतर विमा कंपनीकडून पॉलिसीत नवा नंबर चढवून घ्या. हे राहून गेलं तर पुढच्या अपघाताचा क्लेम आणि गाडी विकताना होणारं हस्तांतर, दोन्ही अडतात.

पहिले हजार किलोमीटर इंजिन ताणू नका, दर आठवड्याला डिपस्टिक आणि कूलंटची पातळी पाहा, पहिला ऑईल बदल किती किलोमीटरवर करायचा ते वर्कशॉपकडून लेखी घ्या. आवाज, धूर किंवा ऑईल कमी होणं पुन्हा दिसलं तर फोनवर सांगून थांबू नका. गाडी नेऊन नवं जॉब कार्ड उघडा आणि त्यावर ‘आधीच्या जॉब कार्ड क्र. … ची तीच तक्रार पुन्हा’ असं लिहून घ्या.